घराण्यात प्रभावी, पेशीत अप्रभावी : रेटिनोब्लास्टोमाची गोष्ट

पीएच.डी.च्या मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न आहे. रेटिनोब्लास्टोमा हा आजार प्रभावी की अप्रभावी?

पुस्तकातल्या पेडिग्रीच्या धड्यात तो प्रभावी म्हणून दिलेला असतो. आईला किंवा वडिलांना असेल तर साधारण निम्म्या मुलांमध्ये उतरतो, मुलगा-मुलगी असा भेद नाही, सगळं अगदी नियमात. मग कॅन्सरचा धडा येतो आणि तेच पुस्तक सांगतं की आरबी जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय गाठ तयार होत नाही. म्हणजे अप्रभावी! दोन्ही वाक्यं मुलांना पाठ असतात. समोरच्या सरांनी "मग नक्की काय समजायचं?" एवढंच विचारलं की गाडी अडते.

उत्तर दोन ओळींचं आहे, ते खाली येईलच. पण ते उत्तर सापडलं कसं, हे जास्त वाचण्यासारखं आहे. अल्फ्रेड नुडसन या बालरोगतज्ज्ञाने १९७१ साली चार पानांचा एक पेपर छापला. त्यात जनुक वेगळं काढलेलं नाही, डीएनएचा तुकडासुद्धा नाही. ४८ मुलांच्या केसची माहिती, आधी प्रसिद्ध झालेले काही अहवाल आणि बारावीच्या पातळीचं गणित, एवढ्यावर त्याने कॅन्सरबद्दल असं काही सांगितलं की प्रयोगशाळेला ते पडताळून बघायला बारा वर्षं लागली. संशोधन करायचं म्हणजे आधी मोठं मशीन पाहिजे असं वाटणाऱ्या प्रत्येकाने हा पेपर एकदा तरी काढून वाचावा.

आधी आजार समजून घेऊ. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो तो रेटिना. त्यातल्या अजून पक्क्या न झालेल्या पेशींचा हा कॅन्सर. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो आणि बहुतेक वेळा वयाच्या पाच वर्षांच्या आतच दिसतो. पुष्कळदा तो आईवडिलांनाच पहिल्यांदा लक्षात येतो: बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते, किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येतो. अशी चमक दिसली तर वाट बघत बसू नये, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. वेळेत सापडला तर यातली बहुतेक मुलं वाचतात.

लहान मुलांनाच का? कारण रेटिना घडवणाऱ्या पेशी आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या थोड्याच काळात विभागतात. मग त्या पक्क्या होतात आणि विभाजन थांबतं. विभाजनाच्या वेळी डीएनएची नक्कल करताना चुका होतात. विभाजनच बंद पडलं तर चुकीला वाव उरत नाही आणि चुकलेल्या पेशीला वाढायलाही जागा नाही. म्हणजे या कॅन्सरला एक छोटीशी खिडकी उघडी असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डॉक्टरांना नुडसनच्या आधीपासून एक गोष्ट दिसत होती. काही मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी येतात, काहींच्या एकाच. दोन्ही डोळेवाली मुलं लवकर, अगदी तान्ह्या वयातच सापडतात. त्यांच्यात पुष्कळदा एकाहून जास्त वेगवेगळ्या गाठी असतात आणि काहींच्या घरात हा आजार आधी झालेला असतो. एकच डोळा असलेली मुलं थोडी उशिरा सापडतात, सहसा एकच गाठ असते, घरात कुणाला नसतं. शिवाय काही घराण्यांत आजोबांना होता, वडिलांना नाही, नातवाला पुन्हा झाला, असं मधली पिढी गाळणारं प्रकरण. प्रभावी गुण मधली पिढी कसा गाळेल?

लहान मुलंच का निवडली

इथे थोडं मागे जायला हवं. मोठ्या माणसांतल्या कॅन्सरवर हाच खेळ आधी खेळून झाला होता. १९५३ मध्ये कार्ल नॉर्डलिंगने आणि १९५४ मध्ये आर्मिटेज आणि डॉल यांनी दाखवलं होतं की अनेक कॅन्सरचे मृत्यू वयाच्या साधारण सहाव्या घाताप्रमाणे वाढतात. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की पेशी बिघडायला एकामागून एक सहा-सात घटना घडाव्या लागत असाव्यात. कल्पना चांगली, पण सहा-सात अज्ञात पायऱ्या असतील तर त्यातली एकही हाताला लागत नाही. शिवाय सत्तर वर्षांच्या माणसाने आयुष्यभर काय खाल्लं, काय ओढलं, कुठल्या कारखान्यात काम केलं, हे सगळं त्या आकड्यांत मिसळलेलं.

दोन वर्षांच्या बाळाच्या बाबतीत एवढ्या पायऱ्यांना वेळच कुठे आहे? त्याने विडी ओढलेली नाही. तिथे पायऱ्या कमी असणार, आणि कमी असतील तर मोजता येतील. माझ्या मते त्या पेपरचं अर्धं श्रेय या निवडीला आहे. गणित नंतरचं.

जिन्यातले बल्ब

नुडसनने काय केलं ते सांगायला मी जिन्याचं उदाहरण घेते. एक खूप उंच इमारत आहे, हजारो मजल्यांची. प्रत्येक मजल्यावर जिन्यात दोन बल्ब. दोन्ही गेले तरच अंधार. बल्ब कधी जाईल याला काही नियम नाही, पण कुठलाही बल्ब आज जाण्याची शक्यता रोज सारखीच.

पहिल्या इमारतीत बिल्डरने प्रत्येक मजल्यावर एक बल्ब गेलेलाच लावला आहे. इथे अंधार व्हायला फक्त एक बल्ब जायचा बाकी. मजले हजारो असल्यामुळे कुठे ना कुठे अंधार होणारच, लवकर होणार आणि एकापेक्षा जास्त मजल्यांवर होणार. दुसऱ्या इमारतीत सगळे बल्ब चांगले आहेत. तिथे एकाच मजल्यावरचे दोन्ही जायला हवेत. हा योग दुर्मीळ. झालाच तर उशिरा होईल आणि एकाच मजल्यावर होईल.

मजला म्हणजे रेटिनाची पेशी. पहिली इमारत म्हणजे जन्मतःच प्रत्येक पेशीत एक म्युटेशन घेऊन आलेलं मूल. दुसरी म्हणजे बाकी आपण सगळे.

आता हे नुसतं उदाहरण झालं. त्याची परीक्षा कशी घ्यायची? नुडसनने आडव्या अक्षावर वय घेतलं आणि उभ्या अक्षावर, त्या वयापर्यंत अजून निदान न झालेल्या मुलांचं प्रमाण, लॉग स्केलवर. एकच घटना घडायची बाकी असेल आणि तिची शक्यता कायम सारखी असेल, तर लॉग स्केलवर सरळ रेषा यायला हवी. किरणोत्सर्गी पदार्थाच्या ऱ्हासाचा आलेख आठवा, तोच. दोन घटना लागत असतील तर सुरुवातीला रेषा जवळपास आडवी राहील, कारण आधी पहिला बल्ब गेलेले मजले साठावे लागतात, आणि मग ती खाली वळेल. दोन्ही डोळ्यांत आजार असलेल्या मुलांची रेषा सरळ आली. एका डोळ्यावाल्यांची वळली.

एवढंच. दोन रेषांच्या आकारातला फरक. कुठल्याही केसपेपरात "या मुलात एक घटना झाली, त्या मुलात दोन" असं लिहिलेलं नव्हतं. ते वयांच्या यादीत लपलेलं होतं.

वही घ्या

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो तुम्ही फोनच्या कॅल्क्युलेटरवर करू शकता. नुडसनने अंदाज काढला की वारशाने पहिलं म्युटेशन मिळालेल्या मुलात सरासरी तीन गाठी होतात. सरासरी तीन म्हणजे प्रत्येकाला तीनच नाही. कुणाला पाच, कुणाला एक, कुणाला शून्य. दुर्मीळ आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांची ही वाटणी प्वासाँच्या सूत्राने होते. आपल्या वर्गात सगळे त्याला पॉयझन म्हणायचे, तेच ते.

दोन डोळ्यांत मिळून सरासरी ३, म्हणजे एका डोळ्यात १.५. एका डोळ्यात एकही गाठ नसण्याची शक्यता म्हणजे ई चा उणे १.५ वा घात, साधारण ०.२२. दोन्ही डोळे स्वच्छ राहण्याची शक्यता ०.२२ गुणिले ०.२२, सुमारे ५ टक्के. दोन्ही डोळ्यांत गाठ असण्याची शक्यता ०.७८ गुणिले ०.७८, सुमारे ६० टक्के. उरलेले ३५ टक्के एकाच डोळ्याचे.

घराण्यांच्या नोंदींशी हे आकडे बऱ्यापैकी जुळतात. आणि मधल्या पिढीचं कोडं सुटतं! ते वडील त्या ५ टक्क्यांतले. म्युटेशन त्यांच्या प्रत्येक पेशीत होतं, पण रेटिनाच्या विभाजनाची छोटी खिडकी बंद होईपर्यंत एकाही पेशीत दुसरा घाव बसला नाही. जनुक पुढे दिलं, आजार मात्र चुकला. पुस्तकात "अपूर्ण पेनेट्रन्स" असा भारदस्त शब्द वापरून विषय संपवतात. इथे तो शब्द एका गुणाकारातून बाहेर येतो.

उलट दिशेने पण बघा. समजा रेटिनात विभागणाऱ्या पेशी १० लाख आणि एका पेशीतली जनुकाची एक ठरावीक प्रत बिघडण्याची शक्यता १० लाखांत ३. हे आकडे मी हिशोबासाठी धरले आहेत. वारसा असलेल्या बाळात गाठी किती? १० लाख गुणिले तीन दशलक्षांश, म्हणजे ३. वारसा नसलेल्यात दोन्ही प्रती एकाच पेशीत जायला हव्यात, म्हणून त्या शक्यतेने आणखी एकदा गुणायचं. उत्तर येतं साधारण लाखात एक. प्रत्यक्षात वारशाविनाचा रेटिनोब्लास्टोमा याच्या तीन-चार पट दिसतो, पण इतक्या ढोबळ आकड्यांनी इतक्या जवळ पोचणं वाईट नाही. का थोडा जास्त दिसतो, त्याचं एक कारण पुढे येतं.

तर आता तो मुलाखतीतला प्रश्न. पेशीच्या पातळीवर म्युटेशन अप्रभावी आहे: एक चांगली प्रत असेपर्यंत पेशी नीट वागते. घराण्याच्या पातळीवर तेच प्रभावी दिसतं, कारण लाखो पेशींपैकी एखादीतरी दुसरी प्रत गमावणार हे ९५ टक्के नक्की असतं. वारशाने मिळतो तो कॅन्सर नव्हे, पहिला घाव मिळतो. प्रभावी-अप्रभावी हा जनुकाचा जन्मजात स्वभाव नाही. तुम्ही कुठल्या पातळीवरून बघताय त्यावर ते ठरतं. मुलाखतीत एवढं सांगितलं तरी पुरे, पण समोरचा चांगला असेल तर पुढचं विचारेलच.

बारा वर्षांनी

एक बारकावा पुष्कळ जण गाळतात. १९७१ च्या पेपरात दोन घटना आहेत, पण त्या एकाच जनुकाच्या दोन प्रतींवर होतात हे तिथे स्पष्टपणे मांडलेलं नाही. ते डेव्हिड कमिंग्ज यांनी १९७३ मध्ये मांडलं. त्या काळात कॅन्सरच्या संशोधनात सगळ्यांचं लक्ष विषाणू आणि ऑन्कोजीन यांच्याकडे होतं. ऑन्कोजीन म्हणजे नको इतकं काम करून पेशीला वाढवत नेणारं जनुक, त्याची एक बिघडलेली प्रत पुरते. "नसल्यामुळे" कॅन्सर होतो असं जनुक शोधणं फार अवघड. जी गोष्ट हरवल्यावर परिणाम दिसतो, ती पकडायची कशी?

धागा मिळाला तो क्रोमोसोममधून. काही रुग्णांमध्ये १३व्या क्रोमोसोमच्या लांब भुजेचा एक तुकडा गायब असल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. १९८३ मध्ये वेब्स्टर कॅव्हनी आणि सहकाऱ्यांनी एकाच मुलाच्या रक्तातला आणि गाठीतला डीएनए शेजारी शेजारी ठेवून तपासला. आईकडून आणि वडिलांकडून आलेले १३वे क्रोमोसोम ओळखू येतील अशा खुणा त्यांनी वापरल्या. रक्तात दोन पट्टे दिसले. काही गाठींमध्ये एकच! म्हणजे दुसरा घाव पुष्कळदा नवं म्युटेशन नसतोच. विभाजनाच्या गडबडीत चांगली प्रत असलेलं आख्खं क्रोमोसोमच हरवतं, किंवा त्या जागी बिघडलेल्या प्रतीचीच नक्कल येते. असं होणं हे जनुकातलं नेमकं अक्षर बदलण्यापेक्षा सोपं आहे. आपल्या वरच्या हिशोबात दोन्ही घावांना एकच दर धरला होता, म्हणून उत्तर कमी आलं असावं.

१९८६ मध्ये जनुक हाती लागलं, आरबी-१. डोळ्यांचे डॉक्टर थॅडियस ड्रायजा आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटांनी मिळून ते वेगळं काढलं. ट्यूमर सप्रेसर म्हणून वेगळं काढलेलं हे पहिलं जनुक. त्याचं प्रथिन ई२एफ नावाच्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि डीएनएची नक्कल सुरू करायला लागणारी जनुकं त्यामुळे बंद राहतात. पेशीला खरंच विभागायचं असेल तेव्हा आरबीवर फॉस्फेट चढवले जातात, त्याची पकड सुटते आणि काम सुरू होतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचं ई७ प्रथिन याच आरबीला पकडून निकामी करतं. तिथे जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत असतात, तरी पेशीच्या दृष्टीने दोन्ही गेल्यासारख्याच.

घरच्यांना याचा काय उपयोग

हे सगळं परीक्षेपुरतं नाही. एखाद्या बाळाच्या एकाच डोळ्यात गाठ आहे, घरात कुणालाच आजार नव्हता, म्हणून "हे वारशाचं नाही" असं सांगून टाकलं तर? एका डोळ्यावाल्या मुलांपैकी साधारण १५ टक्के मुलांच्या रक्तातसुद्धा म्युटेशन सापडतं. ती वरच्या ३५ टक्क्यांतली आहेत. त्यांचा दुसरा डोळा वारंवार तपासत राहायला हवा आणि भावंडांचाही. शिवाय वारशाच्या प्रकारातही बहुतेक मुलं घरातली पहिलीच असतात, म्हणजे म्युटेशन शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत, पुष्कळदा वडिलांच्या बाजूला, नव्याने झालेलं असतं. घरात आधी कुणाला नव्हतं याचा अर्थ पुढे कुणाला होणार नाही असा होत नाही. गाठीतलं म्युटेशन ओळखून ते रक्तात आहे का, एवढी एक तपासणी केली तर धाकट्या भावाला दर काही आठवड्यांनी भूल देऊन डोळे तपासायचे की नाही, हे ठरतं. आईवडिलांसाठी हा फरक फार मोठा आहे.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. वारशाचं म्युटेशन फक्त रेटिनात नसतं, शरीराच्या प्रत्येक पेशीत असतं. अशा मुलांना पूर्वी डोळा वाचवण्यासाठी बाहेरून रेडिएशन देत. रेडिएशन डीएनए तोडतं. जिथे एक बल्ब आधीच गेला आहे तिथे आपणच दुसरा फोडतोय. बरी झालेली यातली काही मुलं पुढे हाडांच्या किंवा मऊ ऊतींच्या कॅन्सरने आजारी पडली आणि रेडिएशन दिलेल्या भागात हे प्रमाण जास्त दिसलं. म्हणून आज शक्य असेल तिथे केमोथेरपी, लेझर, गोठवण्याचे उपचार आधी वापरतात. दोन घावांचं चित्र डोक्यात असेल तर हा निर्णय लगेच समजतो.

सगळे रेटिनोब्लास्टोमा या चित्रात बसत नाहीत. २०१३ मध्ये काही गाठी अशा सापडल्या की ज्यांत आरबी-१ च्या दोन्ही प्रती चांगल्या होत्या आणि मिकएन नावाच्या ऑन्कोजीनच्या भरमसाट प्रती तयार झाल्या होत्या. एका डोळ्याच्या रुग्णांत ते प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत आहे, आणि ही मुलं फार लहान वयात सापडतात. निदानाचं वय लवकर म्हणजे वारसा, हा सोपा नियम तिथे चालत नाही. तसंच आरबीच्या दोन्ही प्रती गेल्यानंतरही पूर्ण कॅन्सर व्हायला पुढचे काही बदल लागतात, असं आता दिसतंय.

आणि काही घराणी अशी आहेत जिथे म्युटेशन असलेल्यांपैकी खूप जणांना काहीच होत नाही. त्यांच्यातलं म्युटेशन सौम्य असतं, बिघडलेली प्रत थोडंफार काम करत राहते. वही अजून उघडी असेल तर सरासरी ३ ऐवजी १ घेऊन तोच हिशोब पुन्हा करा. ३७ टक्के जण पूर्ण निरोगी, ४८ टक्क्यांना एकाच डोळ्यात आणि दोन्ही डोळ्यांत फक्त १५ टक्क्यांना. अशा घराण्याची पेडिग्री तुमच्यासमोर ठेवली आणि कुणी काही सांगितलं नाही, तर तुम्ही तिला प्रभावी म्हणाल का?